मी दवाखाना अपडेट करतो

माझ्या टेबलावर काम शिल्लक राहत नाही, अशी आमच्या ऑफिसात माझी ख्याती आहे. (ते पूर्ण होतं की शेजारच्या टेबलावर जातं, हे कोणी विचारत नाही आणि मीही तो विषय काढत नाही.) पाणीपुरवठा ऑफिसच्या आवक-जावक खिडकीत इतकी वर्षं काढल्यावर डोळ्यांना एक सवय लागते. काहीही 'प्रलंबित' दिसलं की हात शिवशिवतात. त्या दिवशी मला सुट्टी होती आणि हात रिकामे होते. बाकी सगळं त्यातूनच झालं.

आमची ही जुन्या बाहुल्या आणि अस्वलं दुरुस्त करते. पूर्वी ती एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. इन्स्टिट्यूट बंद पडली, तेव्हा काही दिवस ती खिडकीशी नुसती बसून असायची. मग शेजारच्या चिमुरडीच्या सशाचा कान तिने शिवून दिला, आणि तिथून तिच्या हाताला जे काम लागलं ते लागलंच. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर आता कायम कोणीतरी ऑपरेशनला पडलेलं असतं. कामाचं नाव तिने ठेवलं 'बाहुल्यांचा दवाखाना', आणि तिच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे माझ्या मेहुणीने, त्याची वेबसाइट करून दिली. साइटवर दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो आहेत, फॉर्म आहे, फोन नंबर आहे.

त्या दिवशी सकाळी ही बाजारात निघाली. कापूस आणि डोळ्यांची बटणं आणायची होती. दारातूनच म्हणाली, "दवाखान्याचा फोन चार्जिंगला आहे. कोणाचा आला तर उचला. आणि आज मुलांच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई त्यांच्या मोठ्या डॉक्टरांना आपली साइट दाखवणार आहेत. त्यांच्या वॉर्डातली सगळी खेळणी माझ्याकडे येतील कदाचित."

"कदाचित कशाला, येतीलच," मी म्हणालो.

"तुम्ही काही करू नका म्हणजे झालं," ती म्हणाली आणि गेली.

आता यात माझा काय दोष ते सांगा. मोठे डॉक्टर साइट बघणार, तर ती नीट आहे ना हे घरच्या माणसाने पाहायला नको? हिचा लॅपटॉप उघडाच होता. साइटच्या आतल्या बाजूला, जिथून कारभार चालतो तिथे, एक लाल गोळा होता आणि त्यात चांगला दोन आकडी नंबर. अपडेट बाकी. प्रलंबित.

माझा हात गेलाच.

ही अपडेट प्लगिनांची होती. प्लगिन म्हणजे साइटला बाहेरून जोडलेली छोटी यंत्रं. एक फोटो दाखवतं, एक फॉर्म भरून घेतं. मी सगळ्यांवर टिक केली आणि एका फटक्यात निकाल लावला. जाता जाता एका प्लगिनकडे लक्ष गेलं. ते रोज अख्ख्या साइटची कॉपी काढून ठेवत होतं. एकदा साइट तयार आहे, तर रोज तीच ती कॉपी कशाला? आमच्या ऑफिसातही असे लोक आहेत. मी ते काढून टाकलं.

मग बाहेरून साइट उघडून पाहिली. सगळे फोटो गायब झाले होते. फॉर्म उभा होता तो आडवा पडला होता, आणि 'आधी' आणि 'नंतर' हे दोनच शब्द पांढऱ्या पानावर एकमेकांकडे बघत होते.

मी मेहुणीला फोन लावला.

"भावोजी, मी मीटिंगला शिरतेय. पटकन बोला."

"साइट जरा हललीय."

"हललीय म्हणजे? बरं, बॅकअप आहे ना?"

"आहे की. मागच्याच महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. तासभर तरी चालतो."

"भावोजी, मी बाहेर आले की फोन करते. तोपर्यंत कशाला हात लावू नका."

एकाच सकाळी दोन बहिणींनी मला एकच गोष्ट सांगितली. माणसाला स्वाभिमान असतो. मी विचार केला, यंत्रं नवीन झाली आणि साइटचा पोशाख जुनाच राहिला, म्हणून हे बिनसलंय. पोशाखाला यांच्या भाषेत थीम म्हणतात. मी थीमच्या दुकानात गेलो, शोधपट्टीत 'दवाखाना' टाइप केलं आणि समोर एक देखणी निळी-पांढरी थीम आली. तिच्यात एक बटण होतं, 'नमुना मजकूर आणा'. मी आणला.

काय साइट झाली म्हणून सांगू. वरच्या बाजूला गळ्यात स्टेथोस्कोप घातलेले एक हसरे डॉक्टर. त्यांच्या खांद्याखाली आमच्या नावातला 'बाहुल्यांचा' हा शब्द झाकला गेला आणि नुसतं 'दवाखाना' उरलं, पण तेवढं चालतं. खाली 'चोवीस तास सेवा, थांबावं लागत नाही'. 'आमचे तज्ज्ञ' नावाचं एक नवीन पान होतं, त्यात फोटोंच्या चौकटी मात्र रिकाम्या होत्या. रिकामी चौकट मला बघवत नाही. हिच्या फोटोंमधून हाताला लागतील तसे मी भरले. मग आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि लिहिलं, 'नव्या रूपात. जरूर पाहा आणि पुढे पाठवा.'

लोकांनी पाठवलं. लोक एरवी ऐकत नाहीत.

थोड्याच वेळात दवाखान्याचा फोन वाजला. आवाज वयस्कर होता.

"दवाखाना का?"

"हो, बोला."

"हात वर होत नाहीये हो सकाळपासून. खांद्यातून सुटल्यासारखा झालाय."

"शिवण उसवली असणार," मी म्हणालो. हिचं बोलणं ऐकून ऐकून मला या कामातलं बरंच कळतं. "कापूस बाहेर आलाय का?"

"कापूस?"

"किंवा भुसा. जुन्यांत भुसाच असतो. वय किती झालं?"

"सत्तरी उलटली."

"एवढं जुनं? मग जपलंय म्हणायचं कोणीतरी."

"बायकोने जपलं," पलीकडचा आवाज जरा हळवा झाला.

"काळजी करू नका. हात पूर्ण काढू आणि नवीन बसवू. जरा वेगळ्या रंगाचा चालेल ना?"

"भूल देणार ना?" आवाज आता बारीक झाला होता.

"भूल कशाला? साधा सुई-दोरा. आधी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून धुऊ, मग दोन दिवस कानाला चिमटा लावून दोरीवर वाळवू."

फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली. (माणूस आमच्याच बिल्डिंगमधल्या एका भाडेकरूचा सासरा निघाला. सुदैवाने तो तडक खऱ्या डॉक्टरांकडे गेला. खांदा नुसता आखडला होता. तो आता पूर्ण बरा आहे, फक्त लिफ्टमध्ये मी दिसलो की जिन्याने जातो.)

दुसरा फोन मेट्रनबाईंचा होता.

"तुमच्या मिसेस आहेत का?"

"बाजारात गेल्यात. मी त्यांचा मिस्टर."

"मग तुम्हालाच विचारते. आमच्या डॉक्टरांना कौतुकाने साइट दाखवायला गेले. ते म्हणतात, ही मंडळी आपली खेळणी दुरुस्त करणार आहेत की आपले पेशंट पळवणार आहेत? हे हॉस्पिटल तुम्ही कधी काढलंत?"

"हॉस्पिटल नाही हो, थीम आहे ती."

"थीम असेल नाहीतर आणखी काही. संध्याकाळी त्यांची मीटिंग आहे, त्यात ठरायचंय. तोपर्यंत नीट करता आलं तर बघा." आवाज रागीट नव्हता, पण इंजेक्शन द्यायच्या आधी नर्सचा असतो तसा होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि ही कापसाची पिशवी घेऊन आत आली. मी सगळं सांगितलं. क्रम थोडा बदलून सांगितला, पण सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली, हात धुतले, आणि टॉवेलने पुसताना बराच वेळ पुसतच राहिली. ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. इन्स्टिट्यूट बंद झाली तेव्हा ती खिडकीशी कशी बसायची, ते मला आठवलं.

"मी ऑफिसातून एका माणसाला बोलावतो," मी म्हणालो.

"त्याला साइटमधलं कळतं?"

"नाही. पण तो धीर चांगला देतो."

ती हसली नाही, पण खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली. इतक्यात मेहुणीचा फोन आला. हिने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, घाबरू नकोस. कॉपी काढणारं प्लगिन आहे ना, त्यातून जुनी साइट परत आणू."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"ते नाहीये इथे," ही म्हणाली.

"नाहीये?" मेहुणीने एक श्वास घेतला. "भावोजी तिथेच आहेत ना? असू देत. तर मग सरळ मार्ग. आधी जुनी थीम परत लाव. मग सगळी प्लगिनं बंद कर. काढायची नाहीत, नुसती बंद. साइट उभी राहते का बघ. राहिली, तर एकेक चालू कर आणि प्रत्येक वेळी साइट उघडून बघ. ज्याच्यानंतर पडेल तो चोर."

"म्हणजे सगळे टाके सोडायचे आणि एकेक परत घालायचा," ही म्हणाली.

"तसंच."

मला काम मिळालं ते असं: माझ्या मोबाइलवर साइट उघडायची, आणि हिने प्लगिन चालू केलं की पुन्हा उघडून 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचं. दुसरा शब्द बोलायचा नाही, असं ठरलं.

जुनी थीम आली, प्लगिनं बंद झाली, आणि साइट उघडली. साधी, कपडे काढल्यासारखी, पण वर 'बाहुल्यांचा दवाखाना' अशी पूर्ण अक्षरं.

"आहे," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या मनापासून मी तो शब्द उच्चारला नव्हता.

फॉर्मचं चालू केलं. आहे. नकाशाचं चालू केलं. आहे. हिचा चेहरा हळूहळू सुईत दोरा ओवतानासारखा होत गेला, शांत आणि बारीक. मग फोटोंचं चालू केलं आणि माझ्या मोबाइलवर पान पांढरं पडलं.

"नाही," मी म्हणालो, आणि नियम मोडून पुढे म्हणालो, "सापडला."

"फोटोंचं नवीन झालं आणि थीम मागे राहिली," मेहुणी म्हणाली. "जुन्या थीमचंही अपडेट आलेलं असेल बघ. ते वेगळ्या पानावर असतं." तिथेही प्रलंबित होतंच. म्हणजे माझं निदान बरोबर होतं, फक्त मी रोग्याचे कपडे नीट करायच्या ऐवजी त्याला दुसऱ्याच कोणाचे कपडे चढवले होते. हिने आधी कॉपीचं प्लगिन परत बसवलं, एक कॉपी काढली, मग थीम अपडेट केली आणि फोटोंचं प्लगिन पुन्हा चालू केलं.

"आहे," मी म्हणालो. तुटक्या कानाचे ससे आणि धड कानाचे ससे शेजारी-शेजारी येऊन उभे राहिले होते.

ही खुर्चीला टेकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "चहा करा." याचा अर्थ आमच्या घरात माफी मिळाली असा होतो.

चहा होईपर्यंत संध्याकाळ झाली आणि मेट्रनबाईंचा फोन आला. मीटिंग संपली होती. हिने फोन कानाला लावला, ऐकलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"कुठलं पान? 'आमचे तज्ज्ञ'?"

मी कप खाली ठेवला. थीम गेली होती, पण तिने आणलेलं ते पान साइटवरच राहिलं होतं. हिने फोन स्पीकरवर टाकला आणि ते उघडलं. नेत्रविभाग प्रमुख म्हणून एक डोळा नसलेलं अस्वल छाती काढून बसलं होतं. हाडांच्या डॉक्टरांना पायच नव्हते. भूलतज्ज्ञ एक झोपलेली बाहुली होती.

"काढून टाकते हं लगेच," ही घाईने म्हणाली.

"अहो, काढू नका," मेट्रनबाई स्पीकरवर म्हणाल्या. "आमचे डॉक्टर ते पान बघून खो खो हसले आणि वॉर्डात पोरांना दाखवून आले. एका पोराच्या डोळ्याचं उद्या ऑपरेशन आहे, तो दोन दिवस बोलत नव्हता. आता विचारतोय, डोळ्याचे मोठे डॉक्टर मला तपासायला येतील का. तुम्ही उद्या खेळणी न्यायला याल, तेव्हा त्या अस्वलाला घेऊन या. दुसरा डोळा मात्र अजून लावू नका, पोरगा म्हणतो, दोघं मिळून बरे होऊ."

हिने फोन ठेवला आणि ओढणीने डोळे टिपले. मग हसायला लागली. थांबेचना. मीही हसलो, जरा जपून. त्या पोराचं ऑपरेशन छान झालं, अस्वलाचंही, आणि आता दर आठवड्याला वॉर्डातून एक खोकं भरून आमच्याकडे येतं. आमच्या टेबलाचा उरलेला अर्धाही गेला. आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो.

शेवटी मेहुणीने माझी सोय केली. साइटवर मला माझं वेगळं खातं उघडून दिलं, माझ्या नावाचं. ऑफिसात मी ही गोष्ट सहज कानावर घातली, की आता दवाखान्याच्या कारभारात आपणही अधिकृत आहोत. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, दाखवा की. सगळे जमले. मी पासवर्ड टाकला आणि आत शिरलो. पानावर माझं नाव होतं आणि त्याच्याखाली मला दिलेला एकुलता एक अधिकार: 'बाहेर पडा'.

तेवढं मात्र मी सगळ्यांसमोर, पहिल्याच प्रयत्नात आणि काहीही न बिघडवता करून दाखवलं.