नाथा पाष्टेची दारू आणि नमुना क्रमांक तीन

दारू सुटणे ही माणसाची खासगी बाब असली, तरी ती सुटली आहे असे ठरवणे ही सार्वजनिक बाब आहे, आणि सार्वजनिक बाबींना समिती लागते. हे ज्यांच्या ध्यानात येत नाही ते लोक घरच्या घरी, कोणालाही न विचारता दारू सोडून मोकळे होतात आणि मग पस्तावतात. भाईंदर पूर्वेच्या नाथा पाष्टेचं २००६ साली नेमकं हेच झालं.

नाथा मूळचा संगमेश्वरकडचा. स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात चौदा वर्षं पॉवर प्रेसवर होता. पत्र्याची गोल चकती मशीनखाली सरकवायची, पाय दाबायचा, की वाटी तयार. त्यातली नऊ वर्षं तो संध्याकाळी प्यायचा, आणि शेवटी शेवटी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही पिऊ लागला. अशाच एका दुपारी प्रेसनं त्याच्या शर्टाची बाही ओढून घेतली. बोटं वाचली, ती थोडक्यात वाचली. शेठनं त्याला तिथल्या तिथं मशीनवरून उठवला, त्याच्या जागी हाटकेशचा एक कारागीर तात्पुरता बसवला आणि नाथाला तयार भांड्यांवर स्टिकर चिकटवायला बसवला. स्टिकरचं काम काही वाईट नाही. पण चौदा वर्षं ज्याच्या पायाखाली प्रेस चालली, त्याला डब्यावर कंपनीचं नाव चिकटवताना मान वर करवत नव्हती.

त्या दिवशी नाथा घरी गेला आणि प्यायला नाही. दुसऱ्या दिवशीही प्यायला नाही. सात वाजले की हात थरथरायला लागत, म्हणून त्याची बायको शेवंती त्याच्यापुढं भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवी. तो सोलत बसे. नऊ वाजेपर्यंत शेंगा संपत आणि थरथरही जराशी कमी होई. असे अकरा महिने गेले. (या काळात पाष्ट्यांच्या घरी शेंगदाण्याची चटणी, शेंगदाण्याची आमटी, शेंगदाण्याचे लाडू आणि पुन्हा शेंगदाण्याची चटणी असा आहार होता. त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही.)

अकरा महिने पूर्ण झाल्यावर नाथा शेठपुढं उभा राहिला आणि म्हणाला, आता मला माझी मशीन द्या. शेठ माणूस भला. तो म्हणाला, "नाथा, मेरेको तेरे पे विश्वास है. लेकिन विश्वास फाइल में नहीं लगता. किसी एक्सपर्ट का कागज ला, कि इसका दारू छूट गया. सोमवार तक ला. नहीं तो वो हाटकेशवाले कारीगर को मशीन पे पक्का करता हूँ."

म्हणजे सहा दिवस होते. नाथा तडक जेसल पार्कात व्यसनमुक्ती तज्ज्ञ समितीच्या कार्यालयात गेला.

या समितीचं कार्य थोर आहे. एका सोसायटीच्या पंपरूमला लागून असलेल्या खोलीत बसून तिनं तीन वर्षांत सव्वीस व्याख्यानं घडवून आणली. त्यातली एकोणीस कोकेनच्या दुष्परिणामांवर होती. कोकेन हा विषय फार विचारपूर्वक निवडला होता, कारण ते परिसरात कोणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं, त्यामुळं सभागृहात कोणाचं मन दुखावण्याचा प्रश्न येत नसे. एकदा चुकून तंबाखूवर व्याख्यान ठेवलं, तर वक्त्यासकट अर्धं व्यासपीठ मधूनच थुंकायला उठून गेलं. तेव्हापासून तंबाखू हा विषय समितीनं 'सांस्कृतिक' या सदरात टाकला.

समितीनं एक पाहणीही केली होती. ४१२ घरांना दोन प्रश्न विचारले. आपल्या घरी कोणी व्यसनी आहे काय? होकारार्थी उत्तरं शून्य. शेजारी कोणी व्यसनी आहे काय? होकारार्थी उत्तरं ४०९. (उरलेल्या तिघांच्या शेजारचे फ्लॅट बंद होते.) यावरून व्यसन हे प्रामुख्यानं शेजारी आढळतं, असा निष्कर्ष अहवालात ठळक अक्षरांत छापला आहे. त्याच अहवालात 'समितीमुळे व्यसनमुक्त झालेल्यांची संख्या' असा एक रकाना होता आणि तीन वर्षं तो कोरा होता. सचिव आत्माराम गवाणकर यांना ही गोष्ट जिवाला लागली होती. गवाणकर चाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढून निवृत्त झालेले, कोरा रकाना बघितला की त्यांना जेवण गोड लागत नसे. म्हणून नाथा दारात उभा राहिला तेव्हा त्यांनी स्वतः उठून त्याला खुर्ची दिली.

"दारूचं आहे ना? छान. कधी सुरू करायचं सोडायला?"

"सोडली साहेब. अकरा महिने झाले."

गवाणकरांचा चेहरा पडला. "अहो पाष्टे, मग आमच्याकडं नमुना एक भरलाय का तुम्ही? व्यसनी म्हणून नोंदणी? नमुना एक झाल्याशिवाय नमुना दोन नाही, म्हणजे उपचार. आणि नमुना दोनशिवाय नमुना तीन नाही, म्हणजे दाखला. तुम्ही पीत होतात तेव्हाच यायला हवं होतं."

"तेव्हा चालता येत नव्हतं साहेब."

ही अडचण गवाणकरांनी सहानुभूतीनं ऐकून घेतली आणि तज्ज्ञांची बैठक बोलावली. तज्ज्ञ तिघं होते. डॉ. सुभाष हे अध्यक्ष. (त्यांची डॉक्टरेट कापूस खरेदीच्या इतिहासावर आहे, पण नावामागं डॉक्टर लागलं की लोक आपोआप जीभ दाखवतात.) मनोरमाबाई समुपदेशक, त्यांनी बारा दिवसांचा कोर्स केला होता, पैकी नऊ दिवस हजेरी. आणि निवृत्त मुख्याध्यापक दाजी. तिघांची मतं भिन्न होती. डॉक्टर म्हणत, व्यसन हा आजार आहे. मनोरमाबाई म्हणत, त्याचं मूळ बालपणात असतं. दाजी म्हणत, संस्कार. नाथाला समोर बसवून तिघांनी आळीपाळीनं विचारलं, की दारू सुटली कशी?

"सोडली," नाथा म्हणाला. "शेंगा सोलत बसायचो."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, औषधाशिवाय आजार बरा होत नाही, तेव्हा हा बरा झालेला नाही. मनोरमाबाईंनी विचारलं, लहानपणी वडील मारायचे का? नाथा म्हणाला, नाय, फार मायाळू होते. त्यांनी वहीत लिहिलं, 'माहिती दडवतो.' दाजींनी श्लोक म्हणायला सांगितला, नाथाला दोन ओळी आल्या, तिसरी आली नाही. शेंगा हा उपचार मान्यताप्राप्त यादीत नसल्याचं गवाणकरांनी यादी दोनदा वाचून खात्री करून सांगितलं. तिन्ही तज्ज्ञांचं तीन वर्षांत प्रथमच एकमत झालं, की या माणसाची दारू सुटणं शास्त्राला धरून नाही.

तरी गवाणकरांनी वाट काढली. नाथा पूर्वी पीत होता असं दोन प्रतिष्ठित साक्षीदारांनी लिहून द्यावं, म्हणजे नमुना एक मागच्या तारखेनं भरता येईल. नाथा दोन दिवस फिरला. परमिट रूममध्ये त्याच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेले चौघं होते. एकजण म्हणाला, मी तिथं फक्त ऑम्लेट खायला यायचो. दुसरा म्हणाला, मी पंख्याखाली बसायला यायचो. उरलेल्या दोघांनी नाथाला ओळखच दिली नाही. शेवटी शेवंती स्वतः समितीत गेली.

"मी बघितलंय ना," ती म्हणाली. "नऊ वर्षं गटाराच्या कडेनं मीच उचलून आणलाय त्यांना. कुठं अंगठा उठवायचा ते सांगा."

"वहिनी, तुम्ही आप्त," गवाणकर हळुवारपणे म्हणाले. "आप्तांची साक्ष चालत नाही. तुम्हाला त्यांच्याबद्दल आपलेपणा असणार."

 शेवंतीनं घरी येऊन राग शेंगांवर काढला, दोन किलो एकटीनं सोलल्या. नाथाला म्हणाली, "जाऊ दे ती मशीन."  नाथाला मशीन हवी होती. दुसरं काही करता येत नाही असं नव्हतं, पण पत्र्यातून वाटी उठते तेव्हा आपण कोणीतरी आहोत असं त्याला वाटायचं, आणि स्टिकर लावताना तसं वाटत नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती.

शुक्रवारी समितीनं ठराव पास केला. रविवारी वार्षिक मेळावा आहेच, तिथं कोकेनवरच्या व्याख्यानानंतर नाथानं व्यासपीठावर तज्ज्ञांसमक्ष साठ मिलिलिटर दारू घ्यावी. त्यायोगे तो विद्यमान व्यसनी ठरेल आणि नमुना एक भरता येईल. लगेच डॉक्टर गोळी देतील, मनोरमाबाई बालपण बघतील, दाजी संस्कार करतील आणि दुपारी जेवणाच्या आत नमुना तीन हातात. (दारू भेसळीची असू नये म्हणून बाटली आदल्या दिवशीच आणून तपासावी, अशी सूचना दाजींनी मांडली. डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. तपासणीत बाटली उत्तम निघाली, म्हणून दुसरी आणावी लागली.)

रविवारी हॉल भरला. एरवी कोकेनला माणसं बोटांवर मोजण्याइतकीच येत, आज बायका पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. व्याख्यान कोणी ऐकलं नाही. मग पांढऱ्या टेबलक्लॉथवर काचेचा पेला आला आणि गवाणकरांनी त्यात औषधाच्या मापानं साठ मिलिलिटर ओतली. हॉलमध्ये पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मागच्या रांगेतले लोक खुर्चीवर उभे राहिले.

वास नाथापर्यंत पोचला. खरं सांगायचं तर त्याला ती हवीशी वाटली. अकरा महिन्यांत इतकी कधी वाटली नव्हती. एका घोटात मशीन परत मिळणार होती, वर घोटही मिळणार होता, आणि कोणी नावं ठेवणार नव्हतं, उलट टाळ्या वाजवणार होते. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिसऱ्या रांगेत शेवंती होती, तिच्याकडं बघायची त्याला हिंमत झाली नाही.

"घ्या पाष्टे," गवाणकर प्रेमानं म्हणाले. "नियमाला धरून आहे."

"मी नाय घेणार साहेब," नाथा म्हणाला. आवाज इतका कापत होता की माईकनंही तो कापराच पोचवला. "तुम्हाला कागदावर पायजे ना? मग कागदावर घेतली म्हणून लिहा. मी सही करतो."

गवाणकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकी स्वच्छ तोड त्यांना कोणी सुचवली नव्हती. अकरा चाळीसला नाथा प्यायला असं नमुना एकमध्ये लिहिलं गेलं. नमुना दोनमध्ये गोळी, बालपण आणि संस्कार. बारा पंचावन्नला तो पूर्ण व्यसनमुक्त झाला. अहवालातल्या कोऱ्या रकान्यात 'एक' हा आकडा पडला. टाळ्या झाल्या, जरा निराश मनानं झाल्या. नाथा पेल्याला शिवला नव्हता, पेला तसाच भरलेला राहिला. नमुन्याची विल्हेवाट समितीच्याच लोकांनी लावावी असा नियम असल्यानं डॉक्टर आणि दाजी तो घेऊन पंपरूममध्ये गेले. विल्हेवाटीला अर्धा तास लागला, कारण बाटलीचीही लावायची होती.

सोमवारी सकाळी नाथा धुतलेला शर्ट घालून गाळ्यावर गेला. शेठनं चष्मा लावून दाखला वाचला. तीस वर्षं भाईंदरात काढल्यामुळं त्याला मराठी चांगलं वाचता येई.

"ये क्या है? कल पौने बारा बजे पिया?"

"नाय शेठ, खरोखर नाय प्यायलो. ते फक्त कागदावर."

"मेरेको भी तो कागज ही चाहिए था," शेठ म्हणाला. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. अकरा महिने म्हणाला होतास आणि कालपर्यंत पीत होतास, असं त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही. दाखला त्यानं फाइलला लावला, हाटकेशच्या कारागिराला मशीनवर पक्का केला आणि नाथाला सांगितलं की कालपासून मोजू, वर्षभर असाच राहिलास तर बघू.

आधीचे अकरा महिने असे फुकट गेले. ते कुठं जमा झाले नाहीत. पुढचं वर्षही उलटलं, पण मशीनवरची जागा काही रिकामी झाली नाही; नाथा आजही पीत नाही आणि आजही स्टिकर चिकटवतो. चाळीत मात्र त्याचं नाव झालं, स्टेजवर चढून प्यायलेला माणूस म्हणून. शेवंती सुरुवातीला लोकांशी भांडायची, मग थकली.

आता शेवटचं. नाथानं त्या रविवारी पेल्याला बोटसुद्धा लावलं नाही, हे वर स्वच्छ लिहिलेलं आहे. शेठनं ते मानलं नाही, कारण त्याच्या हातात सही-शिक्क्याचा कागद होता. चाळीनं मानलं नाही, कारण चाळ आहे. तुमच्याकडं मात्र कागद नव्हता आणि नाथा तुमच्या शेजारीही राहत नाही. तरी पेला पुढं आला तेव्हा तुम्हाला वाटलंच, की घेणार आता हा. आणि अजूनही मनात कुठंतरी आहे, की गडबडीत घोटभर तरी घेतली असेल, दारुडा तो, सोडतोय कसला. कशावरून, असं विचारलं तर सांगता येणार नाही, पण खात्री आहे.

मनोरमाबाई लेकीकडं कायमच्या राहायला गेल्यामुळं समितीत तज्ज्ञाची एक जागा रिकामी आहे. तुमचा अर्ज साध्या कागदावर चालेल, सोबत दोन फोटो जोडावेत.