घरच्या कुणाला तरी घेऊन या

“पाच मिनिटांचं काम आहे! तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभं राहायचं आणि मिस्त्रीने विचारलं की ‘हो’ म्हणायचं. एकदाच!”

चंद्रभागा सिस्टरांनी तळमजल्यावरच्या सावळीरामरावांना असं बजावलं, तेही इंजेक्शन देण्याआधी पेशंटला दम भरतात त्या आवाजात. सावळीरामरावांनी मुकाट्याने मान डोलावली. ते विधुर, मनमाडला रेल्वेत हयात घालवून निवृत्त झालेले. “इंजिनांचं मला सांगू नका, सगळी नजरेखालून गेलीत!” एवढंच ते वर म्हणाले. सिस्टरांना वाटलं, चला, माणूस नेमका मिळाला!

आता शेजारच्या माणसाला असा उसना घ्यायची वेळ का आली, ते सांगायला हवं.

चंद्रभागा भोये मूळच्या सुरगाण्याकडच्या. नाशिकच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी ऑपरेशन थिएटरात. लग्न राहून गेलं. भाऊ होता, तोही गेला. २००१ साली त्या निवृत्त झाल्या, तेव्हा कायमचे परदेशी निघालेल्या सर्जनसाहेबांनी आपली लाडकी गाडी त्यांच्या हवाली केली. परदेशी बनावटीची, लालभडक, दोनच माणसांची, दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी! सिस्टर गाडी शिकल्या होत्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून, त्यामुळे समोरचा आपोआप बाजूला होतो अशी त्यांची ठाम समजूत होती. आणि ती गाडी बघून तो होतही असे!

रविवारी पंचवटीत जायचं, भाजी घ्यायची, पिशवी शेजारच्या सीटवर ठेवायची आणि परत यायचं. दोन वर्षांत त्या सीटवर मेथीशिवाय कोणी बसलं नव्हतं.

एके दिवशी सिस्टरांनी गाडीचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई! त्यात लिहिलं होतं की इंजिनाच्या आत एक रबरी पट्टा असतो, तो दर पाच वर्षांनी बदलावा. न बदलल्यास तो काहीही सूचना न देता तुटतो आणि आतले व्हॉल्व्ह वाकून इंजिन जागच्या जागी संपतं. गाडीचं वय पंधरा. पट्टा कधी बदलला, हे सर्जनसाहेबांनी सांगितलं नव्हतं. सिस्टरांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्या द्वारका चौकाजवळच्या केरू मिस्त्रीच्या गॅरेजात हजर!

केरूने इंजिनाला कान लावला. आवाज बऱ्यापैकी खडखडाटी होता, पण त्यात नवीन काही नव्हतं.

“चालती ना गाडी?”

“चालते.”

“मग कशाला उघडायची, बाई? तुटंल तवा बघू की!”

“अपेंडिक्स फुटेपर्यंत थांबतात का रे? फुटायच्या आधी काढतात! हजार तरी निघालेली पाहिलीत मी!”

केरूला हे पटलं. पण त्याने डोकं खाजवलं. “काम मोठं हाय. एकदा उघडलं की आत काय काय निघंल, नेम नाय. मागनं तुम्ही म्हणाल, विचारलं नाय. तुम्ही असं करा, घरच्या कुणाला तरी घेऊन या. त्यांच्यासमोर ठरवू.”

हे वाक्य सिस्टरांचंच होतं! थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांना त्यांनी पस्तीस वर्षं तेच सांगितलं होतं. एखादा म्हणायचा, “कोणी नाही हो, सिस्टर.” त्यावर त्या खेकसायच्या, “असं कसं? कोणीतरी असेलच!”

तर असे सावळीरामराव आले. अकरा वर्षांची शेजारओळख, पण बोलणं काय? “पाणी आलं का?” “आलं.” एवढंच. गॅरेजला जायला मात्र त्यांनी सफारी सूट घातला, केसांना ताजा कलप लावला. सिस्टरांनी केरूला सांगितलं, “हे आमच्याकडचे.” केरूने आपल्या मनाने काय ते नातं जुळवलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“या साहेब! वहिनी, तुम्ही आत पंख्याखाली बसा. इथं लय धूळ हाय.”

सिस्टरांना काचेच्या खोलीत बसवून चहा दिला गेला. स्वतःच्या गाडीचा निकाल त्या काचेतून बघत होत्या. केरूचे ओठ हलले. सावळीरामरावांची मान हलली. झालं! सिस्टर उठायला लागल्या, तेवढ्यात पुन्हा ओठ हलले. पुन्हा मान हलली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... सावळीरामरावांनी सात वेळा मान हलवली! सातव्यांदा तर हात उंचावून, हिरवा झेंडा दाखवल्यासारखी!

“काय काय विचारलं त्याने?” रिक्षात सिस्टरांनी विचारलं.

“हो,” सावळीरामराव म्हणाले.

आठवड्याने सिस्टर गॅरेजात गेल्या, तर लाल गाडीच्या तोंडात इंजिनच नाही! ते गोणपाटावर पसरलेलं, दीडशे तुकड्यांत. पोट उघडलेला पेशंट बघून त्यांनी कधी नजर वळवली नव्हती, ती आज वळवली.

“अरे, पट्टा बदलायचा होता!”

“वहिनी, साहेबच बोलले ना! पट्टा करू? हो. पाण्याचा पंप? हो. हेड उतरवू? हो. पिस्टनच्या रिंगा, क्लच, इंजिनाखालचं फाउंडेशन, सायलेन्सर, समद्याला हो! मी म्हटलं, माणूस दर्दी हाय!”

सिस्टर तडक तळमजल्यावर. “एकदाच हो म्हणायचं ठरलं होतं!”

सावळीरामराव कानकोंडे झाले. “तिथे हातोडे, ग्राइंडर, त्यात रेडिओ! अशा गोंगाटात मला एक अक्षर कळत नाही हो. तुमचा प्रश्न नेमका कोणता, तेच उमजेना. म्हटलं, सगळ्यांनाच हो म्हटलं की त्यात तुमचाही येईल!”

“पण इंजिनं नजरेखालून गेली म्हणालात!”

“गेली ना! मी पार्सल ऑफिसात होतो. खिडकीसमोरूनच जायची.”

डोळ्याच्या पांढऱ्यावरून कावीळ ओळखणारी बाई, आणि खालच्या मजल्यावरचा माणूस बहिरा आहे हे अकरा वर्षांत कळू नये! सिस्टरांनी मनातल्या मनात निदान करून टाकलं: ठार बहिरा.

काम दोन महिने चाललं. सुटे भाग मुंबईहून यायचे, चुकीचे यायचे, परत जायचे. दोघं रोज सकाळी रिक्षाने गॅरेजात. दोन खुर्च्या, तीन चहा. केरू “वहिनी, वहिनी” करायचा. पहिल्या दिवशी सिस्टरांनी त्याला दुरुस्त केलं नाही, कारण गडबड होती. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकं होती. तिसऱ्या दिवशी काहीच कारण नव्हतं, तरी केलं नाही.

“घ्या! झाली गाडी!” एका सकाळी केरू म्हणाला. “आता पाच वर्षं इकडं फिरकायचं काम नाय!”

इतक्या पेशंटना सिस्टरांनी हसतमुखाने घरी पाठवलं होतं. घरी पाठवणं असं मनाला लागतं, हे त्यांना त्या सकाळी कळलं.

निदान आभार मानायला हवेत, म्हणून रविवारी त्या सावळीरामरावांना घेऊन त्र्यंबकेश्वरला निघाल्या. सावळीरामराव त्या खोल सीटमध्ये अर्धे गडप झाले, काचा वर केल्या आणि गाडी निघाली. शहर मागे पडल्यावर सिस्टर बोलायला लागल्या. शेजारी माणूस आहे आणि त्याला ऐकू येत नाही, असा योग पुन्हा कधी यायचा?

“निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला,” त्या समोर बघत म्हणाल्या. “घरी आले आणि खाली पार्किंगमध्ये या गाडीतच बसून राहिले. वर जाऊन दिवा कोणासाठी लावायचा, तेच कळेना. आता दुपारी फोन वाजला की मी धावते. बहुतेक वेळा राँग नंबर असतो. मी त्यालाही विचारते, तुम्हाला कोण हवं होतं? तेवढंच बोलणं होतं. आणि केरू वहिनी म्हणतो ते मला आवडतं. या वयात! शोभतं का? आणि हा तुमचा कलप, अहो सावळीरामराव, तो कपाळावर उतरतो! दोन महिने सांगेन सांगेन म्हणतेय...”

डाव्या हाताला डोंगर दिसायला लागले. सावळीरामरावांनी खिशातून रुमाल काढला आणि हळूच कपाळ पुसलं.

सिस्टरांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला.

“केरूने काम झकास केलंय हं, सिस्टर,” सावळीरामराव खालच्या आवाजात म्हणाले. “मला अडचण होते ती गोंगाटात. इथे तर इंजिनाचा आवाजच येत नाही!”

सिस्टरांचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. “कुठपासून ऐकलंत?”

“शालीपासून.”

पुढे दर्शन झालं, प्रसाद झाला, परतीची वाट धरली. सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत, सावळीरामरावही बोलले नाहीत. आणि गाडी इतकी गुळगुळीत धावत होती, की दोघांचं ते गप्प बसणंसुद्धा थेट नाशिकपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं!