शेपटीच्या गिअरबॉक्सचं स्थळ

लष्कराच्या हेलिकॉप्टरला सुटा भाग बसवायचा, तर आधी त्या भागाचं घराणं विचारतात. विचारतं अर्थात हेलिकॉप्टरच. निंबखेडच्या तळावर त्याला सगळे आबासाहेब म्हणत. भाग तेलकट कागदातून काढून पाटावर ठेवायचा, आबासाहेबांनी चौकशी करायची, पसंती आली की सुपारी फोडायची आणि मगच पान्याला हात लावायचा. पोहेही होत, ते मेकॅनिक खात.

त्या सकाळी आबासाहेबांच्या शेपटीचा गिअरबॉक्स गेला होता, आणि नदीपलीकडच्या भोगवडीत माणसं शाळेच्या पत्र्यावर चढून बसली होती. पाणी खिडक्यांना लागलं होतं. कोठारात एकच गिअरबॉक्स शिल्लक होता. कॅप्टन अन्विता गोरक्षकरने तो स्वतः उचलून आणला आणि पाटावर आदळला.

"हळू," आबासाहेब म्हणाले. "कुठले आपण?"

गिअरबॉक्स गप्प राहिला. पाटावरच्याने पहिल्या प्रश्नाला बोलायचं नाही, अशी रीत होती.

सुभेदार हैबती जगदाळे अन्विताच्या कानाशी लागले. "मॅडम, थेट कारखान्यातनं आलाय म्हणून ठोकून द्या. स्थळ जमवताना कोण खरं बोलतं? आमच्या मेव्हण्याचं टक्कल हळदीला कळलं."

"मी खोटं बोलणार नाही," अन्विता म्हणाली. "आबासाहेब, हा पडलेल्या हेलिकॉप्टरमधला आहे. गेल्या पुरात माणसं आणायला निघालं होतं, वाटेत पडलं. याला ओरखडाही नाही. तपासलाय मी."

हँगरमधलं पोहे खाणं थांबलं.

"पडक्या घरचा," आबासाहेब म्हणाले. "आमच्यात चालत नाही."

"तिथे माणसं बुडतायत!"

"त्याचं वाईट वाटतं. पण घराण्याचा प्रश्न आहे."

"कुठलं घराणं?" अन्विताचा आवाज चढला. "तुमची पाती दुसऱ्याची, इंजिन तिसऱ्याचं. दारं तर मीच भंगारातून आणली. तुमचं स्वतःचं असं काय उरलंय?"

आबासाहेबांनी बराच विचार केला. "नकार द्यायची पद्धत," ते म्हणाले. "ती मूळची आहे."

सुभेदारांनी मान डोलावली. ते खरंच होतं.

"मला एक विचारायचंय," पाटावरून गिअरबॉक्स म्हणाला. तसा त्याला हक्क होता. आजवर कुणी वापरला नव्हता, एवढंच. "आमच्यात निघून पडलेले आहेत. बसून राहिलेलं कुणी नाही. आपल्याकडे कसं?"

 पाटावरून नकार आला, की पुन्हा कुठलाच भाग त्या दारात उभा राहत नाही, हे आबासाहेब जाणून होते.

"सुपारी फोडा," ते म्हणाले.

बोल्ट आवळून होईतो भोगवडीत पाणी पत्र्याला टेकलं होतं. अन्विताने दोर खाली सोडला. सगळ्यात म्हाताऱ्या बाईने तो धरला, पण कमरेला बांधला नाही. तिने मान वर केली. तिला काही विचारायचं आहे हे पाहून आबासाहेबांनी आवाज जरा कमी केला.

"कुठल्या घरचं म्हणायचं हे?"

अन्विताने दारातून वाकून खरं ते ओरडून सांगितलं, "पडक्या घरचं!"

म्हातारीने मागे वळून पाहिलं. तिचं घर तिच्यादेखतच पाण्यात बसत होतं.

"मग सोयरीक जमली," ती म्हणाली, आणि दोर कमरेला बांधू लागली.