नमुन्याशी न जुळणारी सही

थोर व्हायोलिनवादकाने माझ्या वडिलांना लिहिलेलं पत्र संग्रहालयाच्या भिंतीवर लागावं, एवढाच माझा नम्र अर्ज होता. वडिलांनी त्यांचं व्हायोलिन तीस वर्षं दुरुस्त केलं, पण वडिलांचं नाव कधी कुठल्या कार्यक्रमपत्रिकेत आलं नाही. ‘वाद्य तुम्ही जिवंत ठेवलंत, टाळ्या मात्र मी घेतल्या,’ असं त्या पत्रात लिहिलं होतं, आणि खाली सही. वडील आता ऐंशी पार झालेत. डोळे शाबूत आहेत तोवर त्यांनी ते भिंतीवर पाहावं, म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

तीन महिन्यांनी सह्या-पडताळणी समितीचं उत्तर आलं : ‘सदर सही समितीकडील चारशे बारा प्रमाणित नमुन्यांशी जुळत नाही. सबब पत्र बनावट आहे.’

मीही हट्टाला पेटलो. साक्षात वादकालाच समितीपुढे नेऊन बसवलं. सोबत त्यांच्या पत्नी आल्या, कारण त्यांच्याशिवाय ह्या गृहस्थांना स्वतःचा चष्माही सापडत नाही.

“हे मीच लिहिलंय,” वादक म्हणाले.

“तसं सगळेच म्हणतात,” अध्यक्षांनी कोरा कागद पुढे सरकवला. “करा सही.”

त्यांनी केली. ती पत्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळली आणि नमुन्यांपैकी एकाशीही नाही. अध्यक्षांनी भिंग बाजूला ठेवलं. “माफ करा, आपली सही आपल्याशी जुळत नाही.”

बाईंना हसू आवरेना. “कशी जुळेल? चाहत्यांना उत्तरं लिहायचा ह्यांना मेला कंटाळा. चाळीस वर्षं सगळ्या सह्या मीच ठोकल्यात. ह्यांनी स्वतः लिहिलेलं हे एवढं एकच पत्र.”

झालं, जिंकलो, असं मला वाटलं. किती भोळा मी!

“बाई, चारशे बारा प्रमाणपत्रं दिलीत आम्ही,” अध्यक्ष म्हणाले. “मोठमोठ्यांच्या दिवाणखान्यांत लागलीत ती. आता ती सगळी चुकली म्हणायचं?”

समिती आत गेली, चहा प्यायली आणि निर्णय घेऊन बाहेर आली. वादकाची अधिकृत सही म्हणजे पत्नीने केलेली सही. खुद्द वादकाने पूर्वपरवानगीशिवाय स्वतःच्या नावाने सही करू नये. पत्रावरची अनधिकृत सही खोडून तिथे अधिकृत सही केल्यास पत्र स्वीकारण्यास हरकत नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “करू का रे?”

मी वादकांकडे पाहिलं. “मला काय विचारता?” ते म्हणाले. “मला अधिकार नाही.”

मला वडील दिसत होते. “करा,” मी म्हणालो. लाज वाटली, पण म्हणालो.

पत्र आता दर्शनी भिंतीवर आहे. गेल्या रविवारी वडिलांना घेऊन गेलो. बराच वेळ ते काचेला नाक लावून उभे होते. मग हळूच म्हणाले, “सही त्यांची नाही रे ही.”

मागे रांग लागली होती. “आजोबा, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय,” असं त्यांना म्हणालात, ते तुम्हीच ना?