फवारलेला माणूस

सन २०२४, कार्तिक महिना. हलके धान कापून घरात आले होते, उशिरा पिकणारे भारी धान अजून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, उभे होते आणि गावोगावच्या मंडया, दिवाळीनंतरच्या जत्रा, भरू लागल्या होत्या. त्या दिवसांत दवनीवाड्याजवळच्या एका गावात सेवकराम रहांगडालेने आपली खाट उचलली आणि बैलाच्या कोठ्यात नेऊन टाकली.

माणूस सत्तरीचा, चौथीपर्यंत शिकलेला. आपल्या परवानगीशिवाय अंगणात कोंबडीसुद्धा ओरडत नाही अशी त्याची समजूत होती (कोंबड्यांना कोणी विचारले नव्हते). अशा माणसाने पक्के घर सोडून शेणात झोपायला जावे, याला कारणही तसेच हवे. कारण गोळ्यांच्या एका डबीत होते.

उन्हाळ्यात त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, नागपूरला पाठवून आणखी केल्या, आणि सांगितले की प्रोस्टेट नावाच्या गाठीचा कॅन्सर आहे. अंगातले एक हार्मोन त्या कॅन्सरला खत घालते. ते खत इंजेक्शनने आणि रोजच्या गोळ्यांनी बंद करायचे. खताची गोष्ट सेवकरामला लगेच कळली. नियमही त्याने पाठ केले. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या. आधी दोन तास काही खायचे नाही, नंतर एक तास काही खायचे नाही. फोडायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. सोबतची लहान गोळी मात्र जेवणाबरोबर. मनाने बंद करायच्या नाहीत. आणि घरात गर्भार बाई असेल तर तिने या गोळ्यांना उघडा हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम त्याने ऐकला आणि सोडून दिला. घरात तो आणि बायको सुशिलाबाई, दोघेच. सुशिलाबाईचा त्या बाबतीत आता काही धोका नव्हता. तिला आजार माहीत होता, नियम माहीत नव्हते, कारण ती बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसली होती. बाकी जगाला त्याने एकच सांगितले, पित्त झाले आहे. पुरुषाने त्या जागेचे दुखणे चारचौघांत बोलायचे नसते, असे त्याचे मत होते.

पहाटेच्या गाडीची शिटी ऐकू आली की तो गोळ्या घेई आणि वळचणीवर ऊन येईपर्यंत तोंडात काही घालत नसे. चार महिने सगळे सुरळीत चालले. मग नीतू आली.

नीतू ही त्याची एकुलती एक लेक. दीड वर्षापूर्वी सालेकश्याला दिली होती. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात जावई लीलाधर तिला जीपमधून सोडून गेला. ही पोर लहानपणी रोज सकाळी बापाच्या मांडीला टेकून बसायची, आणि बाप आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून तिला द्यायचा. लग्नाच्या दिवशी सकाळीसुद्धा तिने हळदीच्या हातांनी ती बशी घेतली होती. ती गेल्यापासून सेवकराम कपानेच चहा पीत असे. बशी मात्र रोज खाली लागे. ती का लागते, हे सुशिलाबाईने विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

जीपमधून उतरून नीतू सरळ बापाकडे आली. सेवकरामला डॉक्टरीणबाईंचा शेवटचा नियम आठवला. तो मागे सरकला, आणखी सरकला आणि धानाच्या भाऱ्यावर उताणा पडला.

"काऊन जी बाबा, पोरीले भेव लागून राहिलं का?" नीतू हसली.

"हात नोको लावू," सेवकराम भाऱ्यावरूनच म्हणाला.

नीतूचे हसू तिथेच राहिले.

त्या रात्री तो विचार करीत पडला. गोळीला हात लावायचा नाही. ठीक. पण गोळी आता डबीत कुठे आहे? चार महिन्यांच्या गोळ्या त्याच्या पोटात गेल्या आहेत. तुडतुड्याचे औषध धानावर मारले की ते पंपात राहत नाही, पानापानांत मुरते. मग बांधावर काठी रोवून लाल चिंधी बांधायची. तिथे ढोर चारायचे नाही, बाईने निंदायला उतरायचे नाही, मारणाऱ्याचे कपडे वेगळे धुवायचे. पन्नास वर्षांच्या शेतीत हे कधी चुकले नव्हते. म्हणजे आता तो स्वतःच फवारलेली बांधी होता. त्याचा घाम, त्याचे ताट, त्याची बशी, सगळ्यांतच ते औषध.

हिशोब पक्का होता. उजाडताच खाट कोठ्यात गेली.

"बैल बिमार आहे," त्याने सुशिलाबाईला सांगितले.

चांद्या बैल त्या वेळी पेंढा खात होता आणि त्याची तब्येत गावात सगळ्यांत चांगली होती.

सेवकराम आपले ताट आपण घासू लागला, आपले धोतर हातपंपावर आपणच आपटू लागला. कुंपणापलीकडचा तिलकचंद दातून चघळत हे पाहत राहिला.

"काऊन गा सेवकराम, बुढीनं घरून काढलं का?"

"तू आपले दात घास."

"घासूनच तं राहिलो. पण असं पाहाले भेटलं नव्हतं."

गोळ्यांनी सेवकरामला मधूनच अंगात भट्टी पेटल्यासारखे होई. कार्तिकाच्या थंडीत तो उघड्या अंगाने कोठ्याच्या दारात बसून सुपाने वारा घेई. उपास, उघडे अंग, घराचा त्याग. तिसऱ्या दिवशी तिलकचंदची बायको वच्छला नारळ आणि उदबत्ती घेऊन आली.

"मामाजी, आमच्या गुड्डूले नवकरी लागन का?"

"घरी जाय," सेवकराम म्हणाला.

"म्हणजे घरी जाईपर्यंत निरोप येते," वच्छलाने सगळ्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. नारळ चांद्यासमोर जमू लागले.

हे सगळे त्याने सोसले असते. सोसवत नव्हती ती सकाळ.

रोज उजाडले की नीतू चहा घेऊन येई. आले ठेचून टाकलेला, गुळचट, अगदी तिच्या हातचा. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी, पुढे पोट. जड पावले टाकत ती कोठ्यापर्यंत येई, आणि पावलांचा आवाज आला की सेवकराम खाटेवर उठून बसे. एक तास झालेला नसे, म्हणून चहा घेता येत नसे. फवारलेला होता, म्हणून पोरीला जवळ बोलावता येत नसे.

"तिथंच ठेव. खांबाजवळ."

"थंडा होईन, बाबा."

"होऊ दे."

ती थोडा वेळ उभी राही, बशी कपावर झाकण घालावी तशी ठेवी आणि जाई. तो तिची पाठ वळणापर्यंत पाही. तास होईपर्यंत चहाचे गार पाणी होई, आणि आपला हात लागलेला चहा परत पाठवायचा कसा? ओतून देणे जिवावर येई. म्हणून तो चहा चांद्याच्या घमेल्यात ओती. चांद्या चाटून पुसून पिई आणि वर पाही. आठवडाभरात त्या बैलाला अशी सवय लागली की नीतू चुलीवर आधण ठेवी आणि इकडे तो हंबरू लागे.

"याचं बरं आहे," सेवकराम बैलाला म्हणाला. त्या आठवड्यात त्याने कोणाशी बोललेले हे सगळ्यांत लांब वाक्य होते.

मग त्याला फवारणीचाच दुसरा नियम आठवला. कापणी जवळ आली की फवारणी थांबवतात. औषध उतरते आणि धान खायला मोकळे होते. म्हणजे गोळ्या थांबवल्या तर काही दिवसांत तोही उतरेल. मग ओसरीवर बसता येईल. मांडीला टेकायचे वय पोरीचे गेले, पण बशी देता येईल. आजाराचे काय ते पोर सासरी गेल्यावर पाहू. त्याने डबी वळचणीत खोचली आणि गोळ्या बंद केल्या. चुलीतले लाकूड मागे ओढावे इतक्या सहज.

चारच दिवस झाले होते. पाचव्या दिवशी सकाळी अंगणात जीप आली. लीलाधर नीतूची पेटी जीपमध्ये चढवत होता. सुशिलाबाई कोठ्यात आली. पदर खोचलेला होता, तेव्हाच सेवकरामने ओळखले.

"पोरगी सासरी जाऊन राहिली. बाळंतपण तिकडंच करतो म्हणते. बापाले मी नोको झाली म्हणते. तुमचं ते पित्त आन् हा बिमार बैल, दोघाईले घेऊन बसा आता."

"जाऊ दे," सेवकराम म्हणाला.

त्याचे तोंड म्हणाले. पाय तोपर्यंत अंगणात पोचले होते. नीतू जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. कुंपणावर तिलकचंद आणि वच्छला. सेवकराम पाच पावले दूर थांबला.

"नीतू, मले पित्त नाही."

नीतूने वळून पाहिले.

"कॅन्सर आहे. खालच्या गाठीचा." एवढे बोलायला त्याला सबंध बांधी तुडवून आल्यासारखी धाप लागली. "गोळ्या चालू आहेत. पोटुशी बाईनं त्याले हात लावाचा नाही, म्हणे डॉक्टरीण. औषध मारल्यावर आपण बांधीत कोणाले जाऊ देतो का? आता मीच बांधी झालो. म्हणून तुले दूर ठेवलं."

नीतूने पायरीवरचा पाय खाली घेतला.

"कॅन्सरचं मले मालूम आहे, बाबा. मायनं आषाढातच फोन केला होता."

सेवकरामने सुशिलाबाईकडे पाहिले. सुशिलाबाई आभाळाकडे पाहू लागली.

"आमाले बी मालूम आहे," कुंपणावरून तिलकचंद म्हणाला. "सबन गावाले मालूम आहे. तू पित्त म्हणून राहिला, आमी म्हटलं, पित्त तं पित्त."

"मले वाटलं, तुमी आतापासूनच मले तोडून राहिले," नीतू म्हणाली. "आपण गेल्यावर पोरगी रडू नोको म्हणून."

सेवकरामने खाली पाहिले. तिथे पाहण्यासारखे काही नव्हते.

नीतूने त्याच्याकडून डॉक्टरीणबाईंचा कागद मागितला. तो त्याने जमिनीवर ठेवला आणि मागे सरकला. तिने उचलला, नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. तिने सगळी हकीगत सांगितली.

"बाबाजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही शेत नाही."

"नाही जी."

"जपायचं आहे ते गोळीला. ती तुम्हीच काढायची, तुम्हीच घ्यायची, मग हात धुवायचे. डबी मुलीच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. बाकी तुमचं ताट, तुमचा कप, तुमच्या शेजारी बसणं, याने तिला काही होत नाही. गोळ्या नीट चालू आहेत ना?"

सेवकरामने वळचणीकडे पाहिले. मग म्हणाला, "चार दिवसांपासून बंद आहेत."

"कोणी सांगितलं बंद करायला?"

"कापणीच्या आधी फवारणी बंद करतेत जी."

"कोणती कापणी?"

सगळे अंगण त्याच्याकडे पाहत होते. पोरीबरोबर चहा घ्यायचा होता, हे काही त्याच्या तोंडून निघणार नव्हते.

"बैलाले चहाची सवय लागून राहिली होती," तो म्हणाला. "म्हणून."

डॉक्टरीणबाईंना काही कळले नाही. नीतूला कळले. तिने तोंड जीपकडे फिरवले आणि बराच वेळ पदराने नाक पुसले.

"उद्यापासून रोजच्याएवढ्याच चालू करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "राहिलेल्या एकदम घ्यायच्या नाहीत. याच आठवड्यात येऊन रक्त आणि बीपी तपासून जा. आणि लघवी आता साफ होते का? रात्री किती वेळा उठता?"

स्पीकरचा आवाज मोठा होता. तिलकचंद कुंपणावर पुढे वाकला.

"सांग ना गा," तो म्हणाला. "बाई विचारून राहिली."

सेवकरामने सांगितले. सांगावेच लागले. लीलाधरने तोवर पेटी खाली उतरवली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीची शिटी झाली. सेवकरामने वळचणीतून डबी काढली, गोळ्या घेतल्या, वर पाणी प्याला आणि हात दोनदा साबणाने धुतले. मग ओसरीवर, आपल्या जुन्या जागी, ऊन येण्याची वाट पाहत बसला. ऊन आले. चहा आला नाही. नीतू रिकाम्या हातांनी आली आणि शेजारी भिंतीला टेकून बसली.

"चहा?" त्याने विचारले.

"मी नाही मांडत. माहे एवढे चहा तुमी बैलाले पाजले. उधारी आहे तुमच्यावर."

"फेडतो," सेवकराम म्हणाला.

तो उठून चुलीकडे गेला. सत्तर वर्षांत त्याने चहा पिण्यापलीकडे चहाशी संबंध ठेवला नव्हता. सुशिलाबाई दारात उभी राहून पाहत होती. धूर झाला, दूध उतू गेले, फडके जळले. शेवटी तो कप आणि बशी घेऊन बाहेर आला, खाली बसला, बशीत अर्धा चहा ओतला आणि पोरीच्या हातात दिला.

तेवढ्यात कोठ्यात चांद्या हंबरला.

"त्याचा बी हक्क आहे," नीतू म्हणाली.

सेवकराम कप तसाच घेऊन कोठ्यात गेला. घमेल्यात ओतला. चांद्याने वास घेतला, जीभ लावली, सेवकरामकडे पाहिले आणि तोंड फिरवून पेंढा खाऊ लागला.

तो परत आला तेव्हा नीतू बशी तोंडाला लावून बसली होती. तिने शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही. मग बशी त्याच्या गुडघ्याजवळ पालथी घातली.

उधारी फिटली.