चौकोनांची बदली

सोमवारी माझ्या नकाशातल्या समुद्राच्या सगळ्या चौकोनांनी पेठकरबाईंच्या नकाशात बदली मागितली.

मी आणि पेठकरबाई एकाच संस्थेत, शेजारशेजारच्या टेबलांवर, समुद्राच्या तापमानाचे हलते नकाशे करतो. समुद्राचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला त्याच्या तापमानाप्रमाणे रंग द्यायचा, रोजचं एक अशी वर्षभराची चित्रं एकामागून एक पळवायची. शुक्रवारी निवड समिती दोघांपैकी एकाची फिल्म सभागृहात वर्षभरासाठी लावणार होती. गेली दोन वर्षं बाईंचीच लागली होती. मला त्यांचा मत्सर वाटतो. हे मी कुणापासून लपवलेलं नाही.

आस्थापना विभागातल्या गुरवांनी अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"तीन वर्षं एका नकाशात झाली की बदली मागता येते, कुळथेसाहेब. तुमची हरकत असेल तर लिहून द्या."

"आहेच हरकत."

"कारण लागेल. जळफळाट हे कारण चालत नाही."

मी सुनावणी मागितली. चौकोनांच्या वतीने मालवणच्या समोरचा एक जुना, सभ्य चौकोन पडद्यावर आला.

"साहेब, मी अठ्ठावीस अंश," तो म्हणाला. "तीन मार्चला तुम्ही मला लाल दाखवलंत. चार मार्चला पिवळा. मी तेवढाच होतो."

"चार तारखेला ओमानकडे तापमान चढलं. कुठल्या तापमानाला कुठला रंग, ती रंगपट्टी रोजच्या आकड्यांप्रमाणे आपोआप ताणली जाते. त्याला मी काय करणार?"

"तेच म्हणतोय. दुसऱ्याचं चढलं की आमचा रंग उतरतो. माणसाने असे किती दिवस काढायचे? बाईंची पट्टी वर्षभर एकच असते. तुम्हीही तशी बांधून टाका, आम्ही अर्ज मागे घेतो."

काम दोन मिनिटांचं होतं. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान एकदा लिहून द्यायचं, की झालं. पण हीच गोष्ट बाईंनी मला दोन वर्षांपूर्वी कँटीनमध्ये, चार लोकांदेखत सांगितली होती. बाईंच्या सांगण्यावरून मी पट्टी बांधणार नव्हतो. हरकतीचं कारण म्हणून मी लिहिलं, 'समुद्र अपुरा पडेल.' गुरवांनी ते फेटाळलं आणि गुरुवारी चौकोन रांगेने पलीकडे गेले.

शुक्रवारी माझी फिल्म लागली. मधे कोरा पांढरा समुद्र आणि कडेने किनारा, वर्षभर. समितीने ती शेवटपर्यंत पाहिली आणि आभार मानले. मग बाईंची लागली. चौकोन दुप्पट झाल्यामुळे त्यांचा समुद्र दुप्पट बारीक दिसत होता. एरवी न दिसणारा प्रवाहही त्यात वळताना दिसला. टाळ्या बराच वेळ चालल्या. त्यातला निम्मा समुद्र माझा होता.

बाहेर बाई भेटल्या. "अहो कुळथे, तुमचे चौकोन किती गुणी आहेत हो! एकानेही त्रास दिला नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक गुरवांकडे गेलो आणि बदलीचा अर्ज मागितला.

"कुठे?"

"बाईंच्या नकाशात."

त्यांनी माझी सेवा मोजली. अकरा वर्षं भरली. "बसतं नियमात," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

मला अठरा उत्तर, एकाहत्तर पूर्व इथे जागा मिळाली आहे. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीस अंश होतो, रंग नारिंगी. ओमानकडे काय वाट्टेल ते चढलं, तरी दुसऱ्या दिवशीही नारिंगीच. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आज दुपारी बाईंनी फिल्म मधेच थांबवली, खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या शेजारच्या चौकोनाकडे कौतुकाने पाहत राहिल्या.

तो साडेअठ्ठावीस आहे.