न दिसणाऱ्या मालाची पावती

शेळके बाई हात लावल्याशिवाय कोणत्याही मालाची पावती देत नसत. खुर्ची आली की उलटी करून तिच्या पायांवरून हात फिरवायच्या, सलाइनची बाटली उजेडात धरायच्या, फिनेलच्या डब्याचं झाकण उघडून खोल वास घ्यायच्या आणि मग बराच वेळ शिंकायच्या. शिंका थांबल्या की सही. एकदा वॉर्डासाठी उशा आल्या, तर टेम्पोवाला उन्हात उभा आणि बाई आत एकेका उशीवर डोकं टेकवून बघतायत.

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात बाई भांडारपाल. मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर, म्हणजे ज्याचं नाव सरकार पेन्सिलीनं लिहितं तो. बाईंचे यजमान आंबेगावात एका कचेरीत भांडार सांभाळायचे, ते गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर बाई नोकरीला लागल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

बाईंना 'सगळं' हा शब्द चालत नसे. शिपाई म्हणाला, "बाई, सगळं आत ठेवलं," की त्या विचारायच्या, "सगळं म्हंजी काय काय?" नर्सताईंनी लग्नाची पत्रिका दिली, 'सहकुटुंब या' म्हणाल्या, तर बाईंनी पत्रिका परत त्यांच्या हातात ठेवली. "कुटुंबात कोन कोन धरलंय? मागून बोल नको." आम्ही हसायचो. बाई हसत नसत.

मग दवाखान्यात सॉफ्टवेअर आलं.

औषधांचा साठा कॉम्प्युटरवर ठेवायचा असं ठरलं आणि सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून एका लायसन्स पॅकेजची ऑर्डर गेली. काही दिवसांनी पोर्टलवर 'माल पोहोचला' असं दिसू लागलं. खाली बारीक अक्षरात होतं, की भांडारपालानं आपल्या पासवर्डनं मुदतीत पावती किंवा हरकत नोंदवली नाही, तर माल मिळाला असं धरलं जाईल. मी ते वाचून दाखवलं आणि बाईंचा चेहरा उतरला.

"कुठंय माल?"

मी ईमेल उघडून दाखवला. त्यात अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ होती.

"ह्यो माल? ह्याला हात कसा लावायचा?"

मी ईमेलची प्रिंट काढून दिली. बाईंनी तो कागद बोटांनी चोळला, उजेडात धरला, नाकाशी नेला. शिंकसुद्धा आली नाही. त्यानं त्या जास्तच घाबरल्या.

"बाई, लायसन्स म्हणजे वस्तू नव्हे," मी समजावलं. "वापरायची परवानगी असते. एक वर्षाची."

"म्हंजी भाड्याची खोली."

"तसंच म्हणा."

"मग खोली सोडल्यावर आपलं सामान? वर्साची औषधं त्यात लिवायची आन् वर्स संपल्यावर त्यांनी कुलूप घातलं तर?"

घरी जाऊन मी पॅकेजच्या अटी वाचत बसलो. पाच जणांना वापरता येणार होतं, वर्षभर सुधारणा आणि फोनवर मदत मिळणार होती, दवाखान्यात येऊन ट्रेनिंग देणार होते. जुन्या साठ्याच्या नोंदी भरून देणं पॅकेजमध्ये नव्हतं. आणि मुदत संपल्यावर आपली माहिती परत देण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तोवर भीती बाईंची होती. त्या रात्रीपासून ती माझीही झाली.

कंपनीच्या माणसाला फोन लावून मी बाईंच्या हातात दिला. तो गोड बोलला. "मॅडम, काळजीच करू नका. सगळं इन्क्लुडेड आहे."

"सगळं म्हंजी काय काय?"

"सगळं म्हणजे... सगळंच."

"यकयक सांगा भाऊ. आमची माहिती परत द्याल का?"

"वर विचारून सांगतो," तो म्हणाला आणि मग फोन उचलेनासा झाला. दिवस जात राहिले. बाईंचा डबा तसाच घरी जाऊ लागला. माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, मी मान हलवली की परत जायच्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाई रजा टाकून नारायणगावला डोळे दाखवायला गेल्या होत्या. दुपारी कंपनीचा ईमेल आला, की वर्ष संपल्यावर माहिती फाइल करून परत देऊ आणि ट्रेनिंग पुढच्या आठवड्यात देऊ. मला हायसं वाटतंय तोच दवाखान्याचे मोठे डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हे, पण दुसऱ्या दिवशी त्यांना वर मीटिंगला उत्तर द्यायचं होतं.

"दत्ता, आज शेवटचा दिवस. बाईंचा पासवर्ड तुला ठाऊक असेल. पावती देऊन टाक आणि मोकळा हो."

पासवर्ड मला ठाऊक नव्हता. पण माझं कंत्राट वाढवायचं की नाही हे डॉक्टरांच्या सहीवर होतं, त्यामुळे नाही म्हणायला तोंड उघडेना. त्यांची पाठ वळल्यावर मी बाईंना फोन केला.

पलीकडून बाई म्हणाल्या, "कशाला हात लावू नको. आले मी."

बाई आल्या त्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि पदर धरून, दाराला धडकत. नारायणगावच्या डॉक्टरनं डोळ्यांत औषध घातलं होतं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, समोरचं सगळं पांढरं. "ऊठ," म्हणाल्या आणि चाचपडत माझ्या खुर्चीवर बसल्या.

मागून मोठे डॉक्टर आले. "अहो बाई, कशाला धावपळ? दत्तानं केलं असतं."

"केलं असतं, सायेब. उद्या कोन इचारायला आलं असतं, तर त्यालाच धरलं असतं. त्याची नोकरी हाय का तेवढी दांडगी?"

डॉक्टर आल्या पावली परत गेले.

"वाच," बाई मला म्हणाल्या. मी पॅकेजमधली एकेक गोष्ट वाचली, त्या बोटाच्या पेरावर मोजत गेल्या. कंपनीचा ईमेल दोनदा वाचून घेतला. "ट्रेनिंग बाकी हाय. लिव तसं शेऱ्यात." मी लिहिलं. पासवर्ड घालताना मला भिंतीकडं तोंड करायला लावलं. अंदाजानं बोटं टाकत होत्या, काही केल्या तो लागेना. पण सांगितला नाही. शेवटी लागला.

मी बाण बटणावर नेऊन ठेवला आणि त्यांचा हात माउसवर.

"खरं वाचलंस ना समदं?"

"हो, बाई."

"आमच्या ह्यांनीबी असंच केलं व्हतं," त्या स्क्रीनकडं तोंड ठेवून हळू आवाजात म्हणाल्या. "सायेब म्हनले, गाद्या आल्यात, गोडाऊनात हायेत, सही कर. केली. गाद्या आल्याच नव्हत्या. चौकशी लागली. निकाल लागायच्या आधीच हे गेले."

मी म्हणालो, "बाई, राहू द्या. हरकत नोंदवू."

"न्हाई. तू खोटं वाचायचा न्हाईस."

आणि त्यांनी बटण दाबलं.

पुढे काही वावगं झालं नाही. ट्रेनिंग झालं, सॉफ्टवेअर चालू आहे, तपासणीला आलेल्या लोकांनी त्याबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. पण हे आज सांगता येतं. त्या संध्याकाळी आम्हा दोघांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

बाईंना गाड्यांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून मी स्टँडवर त्यांच्याबरोबर थांबलो. त्यांचं घर पिंपरी पेंढारला. आळेफाट्याची गाडी आली.

"आली बाई तुमची गाडी. रिकामीच आहे, बसायला जागा मिळेल."

बाई उठल्या नाहीत. चष्मा काढून पदरानं डोळे टिपले, ते औषधामुळं की कशामुळं, मी विचारलं नाही.

"जाऊ दे ही. फुडच्या गाडीनं जाते," त्या म्हणाल्या. "आज घरी यकटीला जाववत न्हाई रं. बस जरा."

कंडक्टरनं दोनदा आमच्याकडं पाहिलं आणि घंटा दिली. गाडी गेली. मी बाकावर बाईंच्या शेजारी बसलो.